प्रकाशाची सुटी नाणी

मराठीत उजेडासाठी शब्दांना तोटा नाही. प्रकाश, तेज, प्रभा, दीप्ती ही झाली सोवळ्यातली मंडळी. त्यांच्याखेरीज ऊन आहे, चांदणे आहे, कवडसा आहे, तिरीप आहे. दिवा मिणमिणतो, समई तेवते, वीज लखलखते, काजवा चमचमतो, आणि दिवाळीत शेजाऱ्यांचा आकाशकंदील आपल्यापेक्षा नेहमी जरा जास्तच झगमगतो. शब्दांची अशी बोचकी सोडून बसणे हाच माझा धंदा, हे या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. पण यंदा बोचके सोडले आणि त्यातली एक उणीव ध्यानात आली. हे सारे शब्द उजेड किती आहे ते सांगतात. फार तर तो कुठून येतो, स्थिर आहे की हलता, एवढे सांगतात. तो बारीक दाण्याचा की जाड्या दाण्याचा, हे सांगणारा शब्द त्यांत एकही नाही. तांदळात आंबेमोहोर आणि कोलम ओळखणारी, रव्यात बारीक आणि जाडा असा भेद करणारी आपली भाषा उजेड मात्र सगळा एकाच मापाने मोजते.

आणि मौज अशी की उजेडालाही दाणा असतो. ही गोष्ट मला कळली ती एका रुग्णालयाच्या बाकावर, माझ्या आईने विचारलेल्या प्रश्नामुळे.

गेल्या श्रावणात माझ्या भाचीला मुलगा झाला. ताईला आजीपण आले, आईला पणजीपण आले, आणि घरी पाळणा धुऊनपुसून तयार झाला. तिसऱ्या दिवशी बाळाचा चेहरा हळदीचा हात फिरवल्यासारखा पिवळा दिसू लागला. दुपारी रक्त तपासले, संध्याकाळी पुन्हा तपासले. काविळीचा आकडा वाढत होता. मुलांच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने भाचीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी सांगितले, की बाळाला दोन दिवस दिव्याखाली ठेवावे लागेल. दूध पाजण्यापुरतेच आईकडे देता येईल. उद्या घरी जाण्याचा विचार मनात आणू नका.

"अहो, उजेडच द्यायचाय ना त्याला?" आई म्हणाली, "मग आमच्या घरी काय अंधार आहे? सकाळी सातपासून ऊन येतं आमच्या खोलीत. खिडकीशी घेऊन बसू."

भाचीच्या सासूबाईंनी जोरात मान डोलावली. दोन्ही घरांचे एखाद्या गोष्टीवर एकमत व्हावे, असा हा लग्नाची तारीख ठरल्यानंतरचा पहिलाच प्रसंग होता.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे मला आवडले. "आजी, तुमच्या घरी उजेड आहे हो. पण त्याला लागतो तो उजेड वेगळा," एवढेच म्हणून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. भाची भिंतीकडे तोंड करून रडत होती. तिचा नवरा संमतीचा कागद हातात धरून उभा होता. "मावशी, सही करू ना?" त्याने मला विचारले, आणि त्याच क्षणी आईनेही माझ्याकडे मोर्चा वळवला. "तू कॉलेजात शिकवतेस ना? मग सांग बघू, उजेडा-उजेडात फरक काय असतो?"

मी कॉलेजात मराठी शिकवते. परंतु पदार्थविज्ञानाचे सर आणि मी गेली चौदा वर्षे एकाच टेबलावर चहा पितो, आणि परीक्षेच्या पाळ्यांची अदलाबदल करून आमचे चांगले सख्य झाले आहे. बाहेर जाऊन त्यांना फोन लावला. सारे ऐकून घेऊन ते म्हणाले, "आधी सही करायला सांगा. प्रकाश आपण नंतर समजून घेऊ." सही झाली. बाळाच्या डोळ्यांवर इवलीशी पट्टी बांधली, लंगोटाखेरीज अंगावर काही ठेवले नाही, आणि काचेच्या पेटीत निळा दिवा लागला. मग फोनवर, आणि पुढे आठवडाभर स्टाफरूममध्ये, सरांनी मला जे समजावले ते मला समजले त्या भाषेत इथे मांडते.

आमच्या लहानपणी रेल्वेच्या स्थानकांवर वजनाचे एक उंच यंत्र असे. तांबडे-पिवळे दिवे लुकलुकत, आत एक रंगीत चक्र फिरत असे. फळीवर उभे राहून फटीत रुपयाचे नाणे टाकले, की खडखडाट होऊन जाड पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे. एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. आता समजा, रुपयाच्या नाण्याऐवजी चार आण्यांची चार नाणी एकापाठोपाठ टाकली तर? हिशेबाने तोही रुपयाच होतो. पण यंत्राला हिशेब कळत नाही. चार आण्यांची चाळीस नाणी ओतली तरी तिकीट नाही. त्याला एक अख्खे नाणे लागते.

प्रकाशाची शक्ती, म्हणजे आजच्या भाषेत ऊर्जा, अशीच नाण्यांनी चुकती होते. ती नळाच्या पाण्यासारखी सलग धार नसते. सुट्या सुट्या पुड्यांनी येते. या पुडीला प्रकाशकण म्हणतात. आणि खरी गोम पुढे आहे: प्रत्येक पुडीत किती ऊर्जा असावी, हे दिव्याच्या मोठेपणावर ठरत नाही, रंगावर ठरते. दिसणाऱ्या रंगांत तांबड्याचे नाणे सर्वांत लहान. मग नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे चढत जावे. जांभळ्याचे नाणे सर्वांत मोठे, तांबड्याच्या जवळजवळ पावणेदोन पट. प्रकाश ही लहरही आहे आणि तिची सेकंदाला होणारी कंपने मोजता येतात. गडद तांबड्याची ती सुमारे ४३० लाख कोटी, जांभळ्याची ७५० लाख कोटी. कंपने जितकी जास्त तितकी पुडी जड, असा हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे.

मग दिवा मोठा केला की काय वाढते? नाण्यांची संख्या. निळा दिवा मंद असो की प्रखर, त्याचे एकेक नाणे तेवढेच. मंद दिवा ती मोजून देतो, प्रखर दिवा उधळतो. आपल्या घरातला साधा नऊ वॅटचा एलईडी दिवा सेकंदाला एकावर अठरा शून्ये यांहूनही जास्त पुड्या फेकतो. एवढ्या गर्दीत सुट्या नाण्यांचा खणखणाट कुठला ऐकू येणार? पोत्यातून सांडणारी वाळू लांबून पाण्याच्या धारेसारखी दिसते, तसे आपले होते.

ही वाळू आहे, पाणी नव्हे, हे ओळखायला मोठमोठ्या विद्वानांना बराच काळ लागला. १८८७ साली हाइन्रिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाला दिसले, की अतिनील किरण धातूवर पडले की ठिणगी अधिक सहज उडते. पुढे कळले, की प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. १९०२ साली फिलिप लेनार्डने यातली चमत्कारिक गोष्ट मांडली: प्रकाश प्रखर केला तर इलेक्ट्रॉन संख्येने जास्त निघतात, पण जास्त जोराने निघत नाहीत. जोर वाढवायचा तर प्रकाशाचा रंग बदलावा लागतो. लाटांच्या शास्त्रात हे बसेना. मोठी लाट जोराने आदळू नये, हे कसे? १९०५ साली बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आइन्स्टाइनने याचा उलगडा केला. एक पुडी एका इलेक्ट्रॉनला मिळते. पुडी पुरेशी मोठी असेल तर तो सुटतो, उरलेली ऊर्जा मोड म्हणून घेऊन पळतो. पुडी लहान असेल तर धातूवर कितीही पुड्या ओता, तो जागचा हलत नाही. ऊर्जा पुड्यांनी मिळते ही कल्पना बर्लिनच्या माक्स प्लांकने १९०० सालीच मांडली होती, पण हिशेब जुळवण्याची एक तोड म्हणून. ती अक्षरशः खरी मानायला तो स्वतः बिचकत होता. आइन्स्टाइनचे नाव निघाले की आपण सापेक्षतेबद्दल बोलू लागतो. त्याला १९२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र मुख्यतः या नाण्यांच्या हिशेबाबद्दल. त्याच हिशेबाची एक मोठी गाठ ढाक्याला शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली सोडवली. त्यांनी आपला निबंध थेट आइन्स्टाइनलाच पाठवला, आणि आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापून आणला. निबंध परीक्षकाकडे पाठवून वर्षभर उत्तराची वाट पाहणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट जरा जास्तच रम्य वाटते.

ज्यांनी फोटोच्या स्टुडिओतली जुनी काळोखी खोली पाहिली आहे, त्यांना हा प्रकार डोळ्यांसमोर आणणे सोपे जाईल. तिथे काळ्यापांढऱ्या छायाचित्राचा कागद तांबड्या दिव्याखाली खुशाल हाताळीत. त्या कागदावरच्या चांदीच्या क्षाराला तांबडे नाणे पुरत नाही. पण दार किलकिले झाले आणि पांढऱ्या उजेडाची एक रेघ आत आली, की कागद गेलाच. पांढऱ्यात निळी नाणी मिसळलेली असतात.

पण मुळात ही नाणी निरनिराळी का पडतात? याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. गॅसची ज्वाळा निळी असते. तिच्यावर मिठाचे पाणी उतू गेले, की ती फर्रकन पिवळी होते. हा पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. अणूतल्या इलेक्ट्रॉनांना जिन्यासारख्या पायऱ्या असतात. उष्णतेने ते वरच्या पायरीवर ढकलले जातात आणि खाली उतरताना पायरीच्या उंचीएवढ्या ऊर्जेचे एक नाणे टाकतात. प्रत्येक मूलद्रव्याचा जिना वेगळा. म्हणून सोडियमचे नाणे पिवळेच, मग ते वरणात असो की रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यात. दिवाळीतले रंग असेच पडतात: तांबडा स्ट्रॉन्शियमचा, निळा तांब्याचा, हिरवा बेरियमचा. (बेरियमच्या क्षारांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बंदी घातली, ती त्यांच्या विषारीपणामुळे, बिचाऱ्या रंगाचा त्यात दोष नाही.) या सगळ्यांत निळा साधणे सर्वांत अवघड. तांब्याचा जो संयुग निळा रंग देतो तो जास्त उष्णतेत टिकत नाही, आणि उष्णता कमी ठेवावी तर उजेड फिका पडतो. आकाशात छान निळे झाड फुललेले दिसले, तर ते करणाऱ्या कारागिराला मनातल्या मनात शाबासकी द्यायला हरकत नाही.

पणतीची गोष्ट निराळी. तिच्या ज्योतीत काजळीचे बारीक कण तापून उजळलेले असतात, आणि तापलेला पदार्थ एकाच रंगाचे नाणे टाकीत नाही. लहानमोठी सगळी खुर्दा मिसळून टाकतो. जितका जास्त तापेल तितकी त्यात मोठी नाणी वाढतात. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी तांबडे, मग पिवळे, मग पांढरट होते ते यामुळे. पणतीची बहुतेक नाणी इतकी लहान, की डोळ्याला ती दिसत नाहीत, हाताला ऊब म्हणून कळतात. तिच्या सोनेरी उजेडात निळ्याचा वाटा फारच थोडा असतो. आणि आमच्या बाळाला नेमका निळाच हवा होता.

आता त्या पेटीकडे वळू. रक्तातल्या तांबड्या पेशी जुन्या होऊन मोडतात तेव्हा त्यांतून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही; यकृताने त्यावर संस्कार केला तरच शरीराबाहेर जातो. नवजात बाळाचे यकृत अजून कामाला सरावलेले नसते, म्हणून तो साचतो आणि कातडी पिवळी पडते. बहुतेक बाळांत हे आपोआप निवळते. पण आकडा फार चढला तर तो पदार्थ मेंदूत शिरतो, आणि मग ऐकण्याची, हातापायांची, कधी जिवाचीही हानी होते. ती भरून येत नाही. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हते त्याचे कारण हे.

एखादी वस्तू पिवळी का दिसते? ती पांढऱ्या उजेडातला निळा गिळून टाकते आणि उरलेला परत पाठवते, म्हणून. म्हणजे बिलिरुबिन पिवळे आहे याचाच अर्थ असा, की ते निळी नाणी घेते. तांबडी नाणी त्याच्या फटीत शिरतच नाहीत. निळी पुडी मिळाली की तो रेणू जरासा पिळवटतो, त्याची आतली मुडपण उलगडते, आणि या बदललेल्या आकारात तो पाण्यात विरघळू लागतो. मग यकृताच्या संस्कारावाचून पित्तातून आणि लघवीतून बाहेर! बाळाच्या पिवळेपणातच त्यावरचा उपाय लिहिलेला होता, हे सरांनी सांगितले तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

हा उपाय सापडला तोही एका बाईच्या हट्टामुळे. इंग्लंडात एसेक्स परगण्यात रॉचफर्डच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर वॉर्ड यांच्याकडे होता. कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवते, असे त्यांचे ठाम मत. म्हणून त्या बाळांना अंगणात नेत. १९५६ च्या उन्हाळ्यात त्यांनी एक बाळ डॉक्टरांना उघडे करून दाखवले. सारे अंग फिकट झाले होते. फक्त एक त्रिकोण लख्ख पिवळा. याला काही औषध फासले आहे काय, असे डॉक्टरांना वाटले. सिस्टरनी सांगितले, की तिथे चादरीचा कोपरा पडला होता, ऊन लागले नव्हते, म्हणून तेवढी जागा फिकी व्हायची राहिली. पुढे त्याच रुग्णालयात रक्ताची एक नळी उन्हात राहून गेली आणि तिच्यातले बिलिरुबिन उतरलेले आढळले. मग कोणत्या रंगाने ते उतरते याचा शोध झाला, निळ्या नळ्यांचे दिवे जुळवले, आणि रिचर्ड क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध केले. तरी जगाने लगेच मान्य केले नाही. अमेरिकेत जेरॉल्ड लुसी यांनी पद्धतशीर चाचणी करून १९६८ साली निष्कर्ष छापले, त्यानंतर हा दिवा जगभर पसरला.

मी ही हकीगत दुसऱ्या दिवशी आईला सांगितली, तर ती विजयी मुद्रेने म्हणाली, "मग मी काय वेगळं सांगत होते? ऊनच की!"

तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, हे कबूल केलेच पाहिजे. उन्हात निळा असतो, आणि खिडकीच्या काचेतून तो आतही येतो. पण उन्हात त्याच्याबरोबर बाकी सगळा गोतावळा येतो. उघड्या उन्हात अतिनील किरण असतात. त्यांतली जी पुडी कातडी भाजते ती तांबड्याच्या दुपटीहून मोठी, आणि कोवळ्या कातडीतल्या रेणूंचे सांधे मोडण्याइतकी जबर. काच हे किरण अडवते, ते बरेच झाले. पण त्याच किरणांनी कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार होते, तेव्हा बंद काचेमागे बाळाला ऊन दाखवून तेही मिळत नाही. शिवाय उन्हात लहान नाण्यांचा, म्हणजे उष्णतेचा, मारा असतोच. आणि मुख्य अडचण नाण्यांच्या संख्येची. पेटीतला दिवा एक-दोन वितींवर असतो, बाळाचे अंग उघडे असते, आणि हे तासन् तास चालते. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले तर उजेड चौथाई होतो, म्हणून तिथे अंतरसुद्धा मोजून ठेवतात. घरी आपण बाळाला टोपडे-दुपट्यात गुंडाळून पंधरा मिनिटे खिडकीशी बसणार, तेही श्रावणातल्या उन्हात, जे सरीबरोबर लपंडाव खेळते. आकडा चढत असताना त्या भरवशावर राहणे परवडणारे नव्हते. आईने हे सारे ऐकले. "असं आधी सांगायचं," म्हणाली, आणि भाचीसाठी आणलेला शिरा तिने पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंना दिला.

पस्तीस तासांनी आकडा उतरू लागला. दिवा बंद केल्यावर तो पुन्हा चढत नाही ना, हे पाहायला आणखी एक दिवस ठेवून घेतले, आणि मग पाळण्यात बाळ आले. आता ते तीन महिन्यांचे आहे आणि आकाशकंदील दिसला की हातपाय झाडते.

सरांनी मला एक शेवटचा गृहपाठ दिला होता, तो वाचकांनाही देते. लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची, म्हणजे ताऱ्यांना सोयीची. रात्री नऊ-दहानंतर पूर्वेला रोहिणी दिसते, तांबूस नारिंगी. तिचा पृष्ठभाग आपल्या सूर्यापेक्षा थंड, म्हणून तिच्या खुर्द्यात लहान नाणी जास्त. तो प्रकाश इथवर यायला सुमारे ६५ वर्षे लागतात. एवढ्या वाटेत तो पसरून पसरून अतोनात विरळ होतो, आपल्या डोळ्यात नाणी पडतात ती मोजकीच. पण त्यांतले एकेक नाणे तिथून निघाले तेव्हा जेवढे होते तेवढेच आजही असते, एका पैशानेही झिजलेले नसते. निळसर पांढरा व्याध तिच्याहून कितीतरी तापलेला आहे आणि जवळही, साडेआठ प्रकाशवर्षांच्या जरा पलीकडे. रंगांतला हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. मात्र व्याध उगवून वर येईपर्यंत मध्यरात्र होते. तोपर्यंत फटाक्यांचा धूरही गच्चीवरून ओसरलेला असेल.